पाटलीच्या मापाची रॅकेट

बॅडमिंटनची रॅकेट हाताच्या मापानं घ्यायची असते, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. बांगडी मापानं भरायची, वहाण मापानं घ्यायची, झंपर तर शिंप्याकडे जुना नेऊन दिल्याशिवाय शिवायचाच नाही. पण रॅकेट म्हणजे काय, तर एक दांडा आणि एक जाळी. ज्याला हात आहे त्यानं ती धरावी. मी तरी असंच समजत होते, आणि त्या समजुतीचं फळ माझ्या उजव्या हातानं भोगलं.

सयाजीराव महाराजांच्या राज्याच्या अखेरच्या वर्षांतली ही गोष्ट. बडोद्यात तेव्हा बायकांचा एक क्लब होता. भोवती उंच भिंत, आत चुन्यानं आखलेलं मैदान, कडेला चार वेताच्या खुर्च्या. यायच्या त्या बहुतेक अधिकाऱ्यांच्या बायका. आमचे हे हुजूर कचेरीत होते, पण अधिकारी म्हणावं एवढे मोठे नव्हते आणि कारकून म्हटलं तर त्यांना राग यायचा. मला क्लबात कसं घेतलं कुणास ठाऊक. बहुधा खेळायला चौथी बाई कमी पडत होती म्हणून घेतलं असावं. कारण काही का असेना, चहा झाल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा तो वेळ माझा होता. घरात मला काही कमी नव्हतं, जाच तर मुळीच नव्हता. तरी त्या वेळाची मी सकाळपासून वाट पाहायची. पळायला मिळायचं, मोठ्यानं हसायला मिळायचं. पाचवारी नेसणाऱ्या गुजराथी बायकांना पळताना निऱ्या सांभाळाव्या लागत. आम्ही नऊवारीवाल्या कासोटा घट्ट मारून मोकळ्या. पिसांचं फूल जाळीपलीकडे जोरात हाणलं की दिवसभराचा शीण जायचा.

माझी रॅकेट ह्यांची होती. फतेगंजच्या पलीकडे कॅम्पात कुणी गोरा साहेब विलायतेला परत निघाला, त्याच्या सामानाच्या लिलावात ह्यांनी ती घेतली होती. एकदा-दोनदा खेळून खुंटीला टांगली, ती मी उतरवली. तिचा दांडा त्या साहेबाच्या पंजाला साजेल असा होता, वरून चामड्याची पट्टी गुंडाळलेली. माझी बोटं त्याच्याभोवती पुरती वळायची नाहीत. सुटू नये म्हणून मी ती जीव खाऊन आवळायची. पहिलं वर्ष निभलं. पुढच्या पावसाळ्यानंतर कोपराच्या बाहेरच्या अंगाला दुखायला लागलं, मग ते खाली मनगटापर्यंत उतरलं. कणीक तिंबताना कळ यायची, पाण्यानं भरलेला तांब्या उचलवेना. मी कुणाला बोलले नाही, कारण बोलले की काय होईल हे मला दिसत होतं.

दसऱ्याला पाहुणे जेवायला होते, आणि मी चुलतसासऱ्यांच्या पानात डाव्या हातानं ताक वाढलं. पंगतीतले हात थांबले. पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी माझा उजवा हात धरून कोपरापाशी अंगठा दाबला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. झालं, सगळं उघड झालं.

सासूबाईंविषयी इथं सांगायला हवं. त्या शिलेदाराच्या घरातल्या, दिल्या तेही शिलेदाराच्याच घरात. माझे सासरे राज्याच्या रिसाल्यात होते. हे इंग्रजी शाळेत असतानाच ते वारले, म्हणजे मी त्यांना पाहिलेलं नाही. सासूबाई उंच, कमी बोलणाऱ्या, आणि सासू म्हणून जरा चमत्कारिकच. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी त्यांनी मला दागिन्यांच्या पेटीची किल्ली कुठं असते ते दाखवलं. ती देवघराच्या फळीवर उघडी पडलेली असायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. माझ्या मैत्रिणींच्या सासवा किल्ल्या कमरेला लावून झोपत. दुसरं म्हणजे, कुणाला काही द्यायचं झालं की सासूबाई हात अगदी सपाट उघडून देत. भाजीवालीला पैसे असोत, कामवाल्या बाईला सुपारी असो, बोटं ताठ पसरून त्यावर वस्तू ठेवायच्या, जणू समोरच्यानं हात नीट तपासून घ्यावा. लोक म्हणायचे, बाई मोठी उदार. मीही तसंच समजले.

मांडवीजवळच्या वैद्यांनी हात पाहिला, लेप दिला, आणि ह्यांना सांगितलं की खेळ आणि पोळ्या, दोन्ही ह्या हाताला झेपायचं नाही. हे माझी बाजू घ्यायला चुकले नाहीत. म्हणाले, खेळाचा दोष नाही, ती रॅकेटच अवजड आहे, साहेबाची आहे, आपण हिला हिच्या मापाची आणू. सासूबाईंनी ऐकून घेतलं. खेळाला त्यांचा विरोध नव्हता, पण हात जाण्याची त्यांना खरी भीती होती. "बाईचा हात गेला की घर बसतं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग संक्रांतीपर्यंतची मुदत दिली. नव्या रॅकेटनं हात बरा झाला तर ठीक. नाही झाला, तर रॅकेट पुन्हा खुंटीला जाईल आणि त्यावर कुणी वाद घालायचा नाही.

दिवाळीनंतर ह्यांना कचेरीच्या कामानं मुंबईला जायचं होतं. क्लबातल्या एका बाईंनी मला सांगून ठेवलं होतं की तिथले दुकानदार हाताचं माप विचारतात. आता मी काही मुंबईला जाणार नव्हते. मग माप कसं पाठवायचं? आमच्याकडे ह्याचं उत्तर ठरलेलं. हाताचं माप म्हणजे बांगडी. माहेरवाशिणीला चुडा पाठवायचा, सुनेला गोठ करायचे, सगळं बांगडीवरून. रॅकेट धरायची हातानंच, मग बांगडी चालायला काय हरकत आहे? ह्यात काही चुकतं आहे असं आम्हां तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पण सवाष्णीच्या हातातलं असल्या कामासाठी उतरवायचं नाही, म्हणून सासूबाई म्हणाल्या की माझी पाटली पेटीत आहे, तिचं माप घे. माझा हात तुमच्यासारखा आहे कशावरून, असं मी विचारलं. त्यांनी आपला तळहात पुढं केला आणि माझा त्यावर ठेवायला लावला. बोटाला बोट लागलं, अंगठ्याला अंगठा, मनगटाची रेघसुद्धा जुळली. सासूसुनेचे हात इतके सारखे मी दुसरीकडे पाहिले नाहीत. ती पाटली लग्नापासून वैधव्य येईपर्यंत सासूबाईंच्या हातात होती. म्हणजे पाटली त्यांच्या मापाची, त्यांचा हात माझ्या मापाचा, आणि म्हणून पाटली माझ्या मापाची. विधवेच्या हातातली ती, मी घालून पाहायचा प्रश्नच नव्हता. मी तिच्या आतून पेन्सिल फिरवून कागदावर वर्तुळ काढलं. लहान दिसलं खरं, पण कागदावर सगळंच लहान दिसतं असं मी मनाशी म्हटलं.

रॅकेट आली ती पाहून मला हर्ष झाला. हलकी, नवी, वार्निशाचा वास येणारी. दांडा इतका बारीक की बोटं वळून तळव्यात रुतत होती. कुठं तो साहेबाचा सोटा आणि कुठं ही. त्याच संध्याकाळी मी क्लबात गेले, आणि दिवेलागणीच्या आतच परत आले. दांडा बारीक म्हणून हातात फिरायचा. फूल रॅकेटच्या जाळीच्या मधोमध लागावं तर कडेवर लागायचं. फिरू नये म्हणून मी आवळायची, आणि आवळलं की कळ पार खांद्यापर्यंत. आठवडाभर मी नेट लावून खेळले. हात बरा व्हायचा तो पहिल्यापेक्षा वाईट झाला. पौष लागायला आला होता.

मग एका संध्याकाळी मी चिडून ती रॅकेट झोपाळ्यावर टाकली आणि ह्यांना विचारलं की दुकानात नेमकं झालं तरी काय. हे चष्मा पुसायला लागले. हे चष्मा पुसायला लागले की काहीतरी लपवलेलं असतं. हळूहळू बाहेर आलं ते असं. दुकानदार पारशी होता. ह्यांनी वर्तुळाचा कागद पुढं केला, त्यानं तो उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "दीकरी केटला वरसनी?" मुलगी किती वर्षांची आहे, असं त्याला वाटलं होतं. आता ह्यांनी मुलगी नव्हे, बायको, असं सांगायचं की नाही? पण भरल्या दुकानात, चारचौघांसमोर, माझी बायको बॅडमिंटन खेळते असं म्हणायला ह्यांची जीभ रेटेना. हे म्हणाले, "नानी छे." लहान आहे. आणि दुकानदारानं लहान मुलीची रॅकेट बांधून दिली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बाजू कितीही घेतली तरी बायको म्हणायला ज्याची जीभ रेटत नाही, त्यानं ऐकून घ्यायला पाहिजे. ऐकून घेतल्यावर हे एवढंच म्हणाले की माझं चुकलं, पण दुकानदारानं आधी वर्तुळ पाहिलं आणि मग मुलगी म्हटलं, मी मुलगी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं, ते वर्तुळ तर सासूबाईंच्या पाटलीचं, थोरल्या बाईच्या हातातल्या पाटलीचं. ते मुलीचं कसं असेल?

सासूबाई दारात उभ्या होत्या. त्या देवघरात गेल्या, फळीवरची किल्ली घेतली आणि पाटली घेऊन आल्या. झोपाळ्यावर बसून त्यांनी पाटली आपल्या उजव्या हातात सरकवायला घेतली. बोटांवरून गेली, आणि अंगठ्याच्या मुळाशी येऊन थांबली. त्यांनी अंगठा आत दुमडला, बोटं एकत्र आवळली, कासार करायला लावतो तशी. पाटली तिथून तसूभर पुढं सरकेना. त्यांनी पुन्हा केलं. मग ती माझ्यापुढं धरून म्हणाल्या, तू घालून बघ. घालून पाहायचं नसतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं, पण मी घेतली. माझ्याही हातात ती त्याच जागी अडली.

लग्नात ती पाटली त्यांच्या हातात चढली तेव्हा सासूबाई परकर नेसणारी पोर होत्या. त्यानंतर हात वाढला, पंजा रुंद झाला, पाटली मात्र मनगटातच राहिली. ती कधी काढायची वेळच आली नाही. आली ती सासरे गेले तेव्हा. ह्यांना ते आठवत होतं. घरात सोनार आला होता, ओटीवर बसून त्यानं कानस चालवून पाटली कापली, आणि शाळकरी वयाचे हे पायरीवर बसून तो आवाज ऐकत होते. पुढं त्यानंच ती जोडून, डाग देऊन परत आणून दिली, आणि ती तशीच पेटीत गेली. हे सगळं ह्यांनी मला त्याच संध्याकाळी सांगितलं. सासूबाई त्या वेळी पाटली ओच्यात घेऊन झोपाळ्यावर बसून राहिल्या. त्यांनी झोका घेतला नाही आणि जेवणही धड केलं नाही. मला वाटलं, जुनं दुःख वर आलं असणार. माझ्या खेळापायी हे झालं म्हणून मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर आता रॅकेट मिळणार नाही म्हणून त्याहून जास्त वाईट वाटलं.

सकाळी त्यांनी मला हाक मारली आणि ती पोरीची रॅकेट मागितली. मुठीत धरली, फिरवून पाहिली. म्हणाल्या, जात्याचा खुंटा बारीक झाला की असाच फिरतो आणि हाताला फोड येतात, जाड असला की पोटरीसारखा दंड भरून येतो. खुंटा नवा घातला की आम्ही काय करतो, तर मूठ वळायची आणि बोटांची टोकं नि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट घालून बघायचं. बोट नुसतं टेकून बसलं पाहिजे. शिरलंच नाही तर खुंटा बारीक, सैल राहिलं तर जाड. मी त्या घरात रोज दळत होते आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी आले तेव्हा खुंटा आधीच बसलेला होता.

मग आम्ही मायलेकींसारख्या त्या दांड्याच्या मागं लागलो. ह्यांच्या जुन्या धोतराची पट्टी फाडून गुंडाळली. आधी जाड झाली, साहेबाचीच आवृत्ती. उलगडली, कमी केली, तर एका जागी उंचवटा आला. माझा हात दुखत होता म्हणून मूठ सासूबाई वळायच्या आणि बोट मी घालायची. आमचे हात सारखे, त्यामुळे ते चाललं. बरोबर बसलं तर घामानं कापड घसरायला लागलं. तेव्हा हे म्हणाले की साहेबाच्या रॅकेटवरचं चामडं काढून ह्यावर लावू, आणि खरोखर ते सोडवून, खळ लावून, शेवटी बारीक खिळा ठोकून त्यांनी ते बसवून दिलं. मध्ये स्वतःच्या अंगठ्यावरही एक ठोकून घेतली. मी त्या दिवसापासून त्यांच्यावरचा राग काढून टाकला, म्हणजे जवळजवळ सगळा.

दिसायला ती रॅकेट सुंदर राहिली नाही. बांध्यानं पोरीची, दांड्याला साहेबाचं चामडं, आत धोतर. क्लबातल्या बायका हसल्या आणि मीही हसले. पण पहिलं फूल मारलं तेव्हाच मला कळलं. हाताला काही करावं लागलं नाही. आवळायचं नाही, सांभाळायचं नाही, नुसतं धरायचं. रॅकेट जरा आखूड, त्यामुळे पळावं जास्त लागे, पण पळायलाच तर मी तिथं जात होते. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी तांब्या उचलताना कळ आली नाही. मी तो खाली ठेवून पुन्हा उचलला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की दृष्ट लागेल अशी मला धास्ती.

संक्रांतीला मी गुळाच्या पोळ्या करायला बसले. ह्या पोळ्या म्हणजे हाताची परीक्षाच, दाबून लाटाव्या लागतात आणि कडेपर्यंत गूळ न्यावा लागतो. वर गच्चीवर सगळं बडोदं पतंग उडवत होतं, गल्लीगल्लीतून "काप्यो, काप्यो" चाललेलं. सासूबाई माझ्यासमोर पाटावर बसल्या आणि शेवटची पोळी तव्यावरून उतरेपर्यंत उठल्या नाहीत. मग त्यांनी माझ्यापुढं भरलेला तांब्या ठेवला. मी तो उजव्या हातानं उचलला आणि भांड्यात पाणी ओतलं. धार हलली नाही.

"दुखतोय?" त्यांनी विचारलं.

"नाही, सासूबाई. बरेच दिवस झाले, नाही दुखत."

"मग जा संध्याकाळी खेळायला."

मला एवढं हायसं वाटलं की मी लाटणं हातात घेऊन नुसती बसून राहिले. मुदत संपली होती आणि माझा वेळ माझ्याकडे राहिला होता. मला वाटलं त्या आता उठतील. पण त्या उठल्या नाहीत. स्वतःचा उजवा हात मांडीवर उघडा ठेवून त्याच्याकडे पाहत त्या बोलायला लागल्या. त्या एका वेळी इतकं बोललेल्या मी आधी ऐकल्या नव्हत्या.

सासरे गेले तेव्हा बाकीच्या बांगड्या गेल्या, पण पाटली निघेना. रिठ्याचा फेस लावला, तेल लावलं, चारजणींनी ओढलं. सालपट निघालं, पाटली निघाली नाही. तेव्हा त्यांच्या थोरल्या जाऊबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, सैल सोड की हात, सोनं कुठं पळून जात नाही. नवरा दारात पडलेला आणि ही सोन्यासाठी मूठ आवळून बसली, असं भाऊबंदांत झालं. पुढं कुणी तोंडावर काढलं नाही, पण सासूबाई ते कधी विसरल्या नाहीत. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. त्या वेळचं त्यांना काही आठवत नव्हतं. आवळलीही असेल मूठ, कुणी सांगावं, असं त्या इतकी वर्षं मनाशी म्हणत आल्या होत्या.

"ती पोरीची होती गं," त्या म्हणाल्या. "त्या पारश्यानं कागद बघून ओळखलं. मोठ्या बाईच्या हातातून ती निघणारच नव्हती. मी मूठ आवळली नव्हती."

मी म्हटलं, नव्हतीच आवळली. त्यांनी पदरानं डोळे पुसले, पोळ्या झाकून ठेवल्या आणि मला म्हणाल्या की तूप कमी पडेल, आणायला सांग.

त्या संध्याकाळी मी क्लबात खेळले आणि हरले, तरी हसत घरी आले. देवापुढं दिवा लावायला गेले तर फळीवर पेटीची किल्ली नव्हती. शोधायला लागले, तेवढ्यात मागून सासूबाई आल्या. किल्ली त्यांच्या कमरेला होती, इतर सासवांच्या असते तशी. त्यांनी मूठ पुढं केली आणि माझ्या हातात तीळगूळ घातला, नेहमीसारखा हात तपासायला पसरून नव्हे, सगळं जग देतं तसा.